वायरिंगचे काम चालू आहे

गेल्या रविवारी आमच्या घरी दूध उतू गेले आणि त्याचा निकाल शेगडी दुरुस्त करायला आलेल्या गृहस्थांनी माझ्या विरोधात दिला, हे मला अजून पचलेले नाही.

मी दूध तापत ठेवून अंघोळीला गेलो आणि दहावीतल्या चिरंजीवांना लक्ष ठेवायला सांगितले. ते तीन मित्रांबरोबर मोबाइलवर खेळत होते. हातातला डाव संपेपर्यंत दूध थांबेल, असा त्यांचा हिशेब होता. मी ओरडण्यासाठी तोंड उघडताच शांतपणे उत्तर आले, "बाबा, माझा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पंचविशीच्या आसपास पूर्ण होणार आहे." मेंदूच्या कपाळामागच्या भागाचे हे ज्ञान आदल्या रात्री जेवताना मीच पाजळले होते. तेव्हा त्याच्या कानात ती पांढरी बोंडे होती, म्हणून मी निर्धास्त होतो.

दुपारी शेगडीवाले आले. जेटमध्ये बारीक तार फिरवत त्यांनी "कसं झालं?" एवढेच विचारले, पण सकाळचा राग निवळलेला नसल्यामुळे मी त्यांना मेंदूच समजावू लागलो. मेंदू मागून पुढे पक्व होत येतो, त्यामुळे परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी तयार होतो. मेंदूतल्या पेशींमधले बिनवापराचे जोड छाटले जातात, वापरातल्या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण चढते. मौजेची आणि बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र त्याआधीच जोरात धावू लागलेली असते.

"म्हणजे वायरिंगचं काम चालू आहे, आणि मीटर आधीच जोडून दिलाय," ते म्हणाले.

इतके चपखल वाक्य मला आदल्या रात्री सुचले नव्हते, याचा थोडा मत्सर वाटला. मग मी 2005 सालचा अमेरिकेतला प्रयोग काढला. पडद्यावर मोटार चालवायची आणि पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की दामटायचे, हे ठरवायचे. मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी बरेच जास्त धोके पत्करले. मोठ्यांवर सोबत्यांचा तसा परिणाम झाला नाही.

"साहेब, तुमचं वय?"

"सत्तेचाळीस."

"म्हणजे तुमचं वायरिंग पूर्ण होऊन बावीस वर्षं झाली." त्यांनी जेटमध्ये फुंकर मारली. "मग अर्ध्या वायरिंगवर दूध सोपवून अंघोळीला कोण गेलं?"

बॅटरी धरून उभा असलेला चिरंजीव हसला. मी विषय बदलावा म्हणून तो रात्री एकपर्यंत जागतो अशी तक्रार केली, आणि तिथेही फसलो, कारण तीही बाजू त्याचीच निघते. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, म्हणून माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितले होते. आपल्या राज्य शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, ते उत्तमच झाले. पण ज्यांचे घड्याळ शरीरच पुढे ढकलते, ती आठवी-नववी-दहावीची पोरे अजून अंधारात रिक्षाची वाट पाहत उभी असतात. सहा वाजता झोपेने डुलणाऱ्या मुलाच्या पाठीवर दप्तर चढवताना मला कोणावर रागवावे ते कळत नाही, आणि जवळ तोच असल्यामुळे मी त्याच्यावरच रागावतो. त्याच दिवशी रात्री नऊपर्यंत क्लास असतो, आणि त्याची फी भरणारे हातही माझेच आहेत.

शेगडीवाल्यांनी साडेचारशे रुपये घेतले. जाताना चिरंजीवाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बॅटरी छान धरतोस." मला ते काहीच म्हणाले नाहीत. संध्याकाळचे दूध सौभाग्यवतींनी स्वतः तापवले आणि आम्हा दोघांना ओट्याजवळ फिरकू दिले नाही. शेगडीखालचे वाळलेले दूध सुरीने खरवडण्याचे काम मात्र, मेंदू पूर्ण झालेला असल्यामुळे, माझ्याकडे आले.