चार्ट ओळखा, बक्षीस काही नाही

अभिनंदन! तुम्हाला ऑफिसचे आकडे चार्टांत दाखवणारा डॅशबोर्ड वारशात मिळाला आहे. लोकांना वारशात जमीनजुमला मिळतो, तुमच्या वाट्याला सत्तावीस शीटांची एक एक्सेल फाइल आली, जिच्या नावात 'फायनल' दोनदा आहे. ती बनवणारा नोकरी सोडून गेलाय. जाण्याआधी त्याने रीतसर हँडओव्हरही दिला होता. पंधरा मिनिटांचा. त्यातली दहा 'माझी स्क्रीन दिसतेय का' यात गेली.

पहिल्याच शीटवर एक चार्ट आहे. काही स्तंभ जमिनीवर उभे, काही हवेत तरंगणारे, आणि प्रत्येकाच्या डोक्याशी एक आडवी काळी रेघ. साहेबांचा तो फार लाडका. ते त्याला 'तुरेवाला' म्हणतात. मागच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, 'तुरेवाल्यात नवीन विभाग टाक, पाच मिनिटांचं काम आहे.' त्या पाच मिनिटांना मला अडीच दिवस लागले. तुमचे तरी दोनात भागावेत म्हणून हे अनुभवाचे बोल.

आधी चार्टचं नाव चौघांना विचारावं. मी विचारलं. एक म्हणाला वॉटरफॉल, दुसरी म्हणाली कँडलस्टिक, तिसऱ्याने छातीठोकपणे बुलेट ग्राफ सांगितलं. चौथा म्हणाला, 'तो तसाच असतो.' चौथ्याची बढती नक्की आहे.

मग चार्टवर क्लिक करावं. आतलं काहीच हाती लागलं नाही, तर ते चित्र आहे. देव तुमचं भलं करो.

आतलं हाती लागलं तर 'चेंज चार्ट टाइप' उघडा. उत्तर येईल, 'कॉम्बो', म्हणजे सरमिसळ. दार वाजलं म्हणून 'कोण आहे?' विचारावं आणि बाहेरून 'माणूस' असं उत्तर यावं, तसं हे. त्याच खिडकीत खाली प्रत्येक सिरीजचा, म्हणजे चार्टमधल्या आकड्यांच्या प्रत्येक संचाचा, प्रकार वेगळा लिहिलेला असतो, कोणती सिरीज सेकंडरी अ‍ॅक्सिसवर (म्हणजे उजवीकडच्या दुसऱ्या मोजपट्टीवर) बसवलीय त्याची खूणही असते. पण पहिल्याच दिवशी एवढं खाली बघायचं नसतं. मी दुसऱ्या दिवशी बघितलं.

लपवलेल्या ओळी जरूर उघडाव्यात, विशेषतः साहेब मागे उभे असताना. लपवलेल्या ओळींतला डेटा एक्सेल आपणहून चार्टमध्ये घेत नाही, आणि पुष्कळ डॅशबोर्ड याच एका भरवशावर तग धरून असतात. मी सगळ्या ओळी उघडल्या, तर केव्हाच बंद झालेले दोन विभाग स्तंभ होऊन उठून बसले. साहेब म्हणाले, 'हे अजून चालू आहेत?'

फारच शूर असाल तर फाइलची प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि आतल्या चार्टांच्या फोल्डरमध्ये शिरा. प्रत्येक चार्टचा खरा प्रकार तिथे एक्सएमएलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, लिहिलेला असतो. माणसं पत्ता लागू देत नाहीत, एक्सएमएल देतं.

अदृश्य गोष्टींवर श्रद्धा ठेवा. फॉरमॅट टॅबच्या डाव्या कोपऱ्यात एक यादी उघडते, तिच्यात चार्टचे सगळे भाग असतात, न दिसणारेसुद्धा. माझ्या यादीत एक 'सिरीज ४' निघाली. चार्टवर कुठेही नाही, यादीत मात्र आहे. म्हणजे स्तंभ हवेत तरंगत नव्हतेच. त्यांच्या खाली 'नो फिल' करून बिनरंगाचा केलेला दुसरा स्तंभ उभा होता. एक्सेल २०१६ च्या आधी तयार वॉटरफॉल, म्हणजे एका स्तंभाच्या टोकापासून पुढचा सुरू होणारा चार्ट, मिळत नसे, तेव्हा सगळे हाच जुगाड करायचे, त्यामुळे इथवर माझी तक्रार नाही. रेघांचं काय? त्या रेघा नव्हत्या. ती स्कॅटर, म्हणजे नुसत्या ठिपक्यांची, सिरीज होती. ठिपके पुसून टाकलेले आणि त्यांचे आडवे एरर बार (आकडा किती चुकू शकतो ते दाखवणाऱ्या रेघा) जाड केलेले, म्हणजे ते टार्गेट! कल्पक माणूस. मी मनातल्या मनात टाळ्याही वाजवल्या.

मग दिसलं की हे स्कॅटर सेकंडरी अ‍ॅक्सिसवर आहे. त्या अ‍ॅक्सिसचे आकडे लपवलेले, रेघ लपवलेली, आणि कमाल मर्यादा हाताने ५०० ला बांधलेली. डावीकडची अ‍ॅक्सिस मात्र ऑटो. सगळे आकडे ५०० च्या आत होते तोवर दोघींचं छान जमत होतं. यंदा एकूण बेरजेचा स्तंभ ५२० वर गेला आणि डावी अ‍ॅक्सिस आपली आपण ६०० झाली. उजवी तिथेच. टार्गेट होतं ४५०. म्हणजे ५२० चा स्तंभ चार्टच्या उंचीच्या साधारण ८७ टक्क्यांवर आणि ४५० ची रेघ ९० टक्क्यांवर. टार्गेट ओलांडून सत्तर पुढे गेलेली माणसं चार्टमध्ये टार्गेटच्या खाली दिसत होती! आणि दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण स्तंभांवर आकडेच नव्हते, आकड्यांनी म्हणे 'लूक' बिघडतो. त्या खोट्या फटीवर मीटिंगा झाल्या. 'आपण थोडक्यात का हुकतोय' या विषयावर सेल्सच्या लोकांनी मान खाली घालून उत्तरं दिली. कसली उत्तरं? हुकलेच नव्हते ते! बार चार्टचा जनक मानल्या जाणाऱ्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचे आडवे पट्टे छापले, तेव्हा त्याच्याकडे एक्सेल नव्हतं, माऊस नव्हता, पण आयातही दिसत होती आणि निर्यातही.

आता सल्ले पुरे.

अरे बाबा, तू हुशार आहेस, मान्य. एरर बारची टार्गेट-रेघ करणं सगळ्यांना सुचत नाही. पण सिरीजला नाव द्यायला काय झालं होतं? 'सिरीज ४'? निदान 'आधार' म्हणायचंस, 'टेकू' म्हणायचंस. अ‍ॅक्सिस लपवायची होती तर दोन्हीकडे एकच मर्यादा तरी ठेवायचीस. आणि साहेब, तुम्हीही. समोरच्या चार्टला काय म्हणतात, तो वाचायचा कसा, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. तुरा दिसला, खूश झालात.

ज्या शीटवर या चार्टचा सगळा डेटा आहे, तिचं नाव तू ठेवलंयस 'हात लावू नये'. हे टाइप करायला वेळ होता ना? तेवढ्याच वेळात 'उजवी अ‍ॅक्सिस ५०० ला बांधलीय' एवढं लिहून झालं असतं.