दहावीची मार्कशीट फेसबुकवर टाकण्याआधी

निकाल लागला की आपल्या वॉलवर मार्कशीटचे फोटो झळकायला लागतात. लेकराने वर्षभर घाम गाळलेला असतो, अभिमान वाटणारच. पण त्या कागदावर मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि बैठक क्रमांक असतो. वर आपण शाळेला टॅग करतो. एवढ्या भांडवलावर कुणीही फोन करून ‘बोर्डातून बोलतोय, शिष्यवृत्ती मंजूर झालीय’ म्हणू शकतो, आणि आईचं नाव बिनचूक सांगितलं की समोरच्याला ते खरं वाटतं.

हे मला माझ्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. ऑनलाइन सुरक्षिततेवर तास घ्यायचा होता, तेव्हा भाषण न देता मी अकरावी-बारावीच्या पोरांनाच बोलतं केलं. त्यांनी पहिलं बोट आपल्याकडे, म्हणजे मोठ्यांकडे दाखवलं. ‘मॅडम, माझं अकाउंट प्रायव्हेट आहे. पप्पांचं पब्लिक आहे आणि माझे सगळे फोटो तिथेच आहेत,’ एक मुलगी म्हणाली. वर्गातल्या बहुतेक माना हलल्या.

मग झेरॉक्सच्या दुकानाचा विषय निघाला आणि मुली भडाभडा बोलायला लागल्या. प्रवेशाच्या दिवसांत आधार, दाखला, फोटो सगळं दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं लागतं. प्रिंट मिळते, पण कागद त्याच्या फोनमध्ये राहतात आणि मुलीचा नंबरही. रात्री ‘हाय’ असा मेसेज येतो. आला की ब्लॉक करायचं, घरी बोलायचं नाही. यावर त्यांनी स्वतःच तोडगे काढलेत. डीपी फक्त कॉन्टॅक्ट्सना दिसेल असा ठेवायचा. प्रिंट हातात आली की लगेच ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायचं, तरी दुकानदाराच्या फोनमध्ये उतरलेली फाइल राहू शकते हेही त्यांना माहीत आहे. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्यायचं, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. यातलं मास्क्ड आधार किती पालकांना माहीत आहे? आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं.

ही पिढी बेफिकीर आहे असं मला अजिबात वाटत नाही. घरातल्यांना तीच सांभाळते आहे. ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये घातक अ‍ॅप बसवणारी) नातेवाइकांच्या ग्रुपवर पडली की ‘कुणी उघडू नका’ असा पहिला मेसेज घरातल्या कॉलेजच्या पोराचा असतो. आजोबांना ‘डिजिटल अरेस्ट’चा, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून अटकेची धमकी देणारा व्हिडिओ कॉल आला तर पोलीस असं कुणाला अटक करत नाहीत, हेही तीच समजावतात.

बंदीबद्दल विचारलं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉकसारख्या माध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागेल, असं म्हटलं आहे. वर्गात मतं फुटली. काही मुलींना बंदी हवीशी वाटली, निदान सातवी-आठवीतल्या धाकट्या भावंडांसाठी. पण एका मुलाने जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: ‘आईच्या फोनवर आलेला ओटीपी मीच वाचून दाखवतो. मग संमती कुणाची?’

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एकाच प्रश्नावर. कुणी तुमचा फोटो एडिट करून ‘पैसे दे नाहीतर गावभर करतो’ म्हणालं, तर घरी सांगाल का? हात फार थोडे वर आले. कारण एकच, फोन काढून घेतील. मुलींच्या बाबतीत कॉलेजच बंद होईल ही भीती. धमकी देणाऱ्याचा सगळा धंदा या भीतीवर चालतो. त्याला पक्कं ठाऊक असतं की ही पोरगी घरी तोंड उघडणार नाही.

म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. आजच जेवताना मुलांना सांगा, काहीही झालं तरी तुझा फोन काढणार नाही, कॉलेज बंद करणार नाही, आधी मला सांग. आणि शब्द पाळा. पोरांनी एकदा सांगितल्यावर तुम्ही ‘तूच फोटो कशाला टाकलास?’ म्हणालात, तर दुसऱ्यांदा ती तुमच्याकडे येणार नाहीत.

प्रसंग आलाच तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढत जाते. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. महिला आणि मुलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही करता येते. फोटो पसरायची भीती असेल तर अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आणि मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवा आहेत. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त आकड्यांतला ठसा पाठवला जातो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्या तो जुळवून फोटो हटवतात. लहान मुलं घाबरली असतील तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच. हे नंबर मुलांच्या फोनमध्ये त्यांच्यासमोर बसून सेव्ह करा, आणि तुमच्याही.