नर्सिंग होमची फायर एनओसी ‘कायमची’ नसते
ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘भिंतीवर नोंदणी आणि फायर एनओसी (अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र) दिसली की नर्सिंग होम सुरक्षित. एनओसी एकदाच लागते.’ हे चुकीचं आहे.

महापालिकेची नोंदणी ३ वर्षांची असते, प्रमाणपत्रावरची मुदत वाचा. आगीचं वेगळं, तिथे एनओसी मिळाली म्हणून काम संपत नाही. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार, यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. काउंटरवर तोच मागा. दाखवायला संकोच का वाटावा?

मग जिन्याकडे जा. कागदापेक्षा हे महत्त्वाचं, कारण आयसीयूतला रुग्ण स्वतः चालत बाहेर येत नाही. एप्रिल २०२१मध्ये मुंब्र्यात रुग्णालयाला आग लागली, तेव्हा रुग्णांना हलवताना चौघे दगावले. बाहेर पडायच्या दाराला कुलूप आहे? पॅसेजमध्ये जादा खाटा? स्ट्रेचर तिथे वळेल का? अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. त्याखाली असेल तर दाब उतरलाय. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) सिलिंडरला काटा नसतो, तिथे तपासणीच्या लेबलवरची तारीख बघा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.