पारख करायला पौलानेच सांगितलं आहे

गेले काही महिने आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सअॅप गटांतून एक मेसेज फिरतोय. सार असं: देव आजही संदेष्ट्यांमार्फत, म्हणजे त्याचा संदेश सांगणाऱ्यांमार्फत, बोलतो. त्यांच्यावर शंका घेणं हे पवित्र आत्म्याविरुद्ध पाप. संदेश खरा ठरला नाही, तर ऐकणाऱ्याचा विश्वास कमी पडला. आणि खाली ठळक अक्षरांत, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’

पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीच्या गोष्टी ऐकत मी वाढले. संदेश रद्द होतील असं बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात आहे खरं, पण ते ‘पूर्णत्व’ येईल तेव्हा. आणि तिथेच पुढे पौल, हे पत्र लिहिणारा प्रेषित, देवाला समोरासमोर पाहण्याविषयी बोलतो. नवा करार लिहून झाला आणि वरदान संपलं, हा अर्थ मला ओढूनताणून काढलेला वाटतो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरही म्हणतो की संदेशाची दानं आमच्यात अजून आहेत.

पण बाकीचं?

‘अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन स्तोत्र १०५ मधलं. तिथे अभिषिक्त म्हणजे परक्या मुलखात भटकणारे अब्राहाम, इसहाक, याकोब, आणि ताकीद आहे राजांना, त्यांचा छळ करू नका म्हणून. आता उत्पत्ती २० उघडा. सारा आपली बहीण असल्याचं सांगून अब्राहाम अबीमलेख राजाला फसवतो. देव त्याच अध्यायात अब्राहामाला संदेष्टा म्हणतो, आणि तरीही तो परका राजा त्याला तोंडावर विचारतो, ‘तू आमच्याशी हे काय केलंस?’ या प्रश्नाबद्दल देवाने त्याला शिक्षा केली नाही. दावीद तर तेल ओतून अभिषेक झालेला राजा. त्याने पाप केल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला सोडलं का?

शंका म्हणजे पाप, याला आधार म्हणून ‘आत्म्याला विझवू नका’ हे वचन देतात. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं, ५:१९. पण दोनच वचनं पुढे, ‘सर्व गोष्टींची पारख करा’, हे मात्र मेसेजमधून गळलेलं. करिंथच्या मंडळीला तर पौल पद्धतच घालून देतो: दोघा-तिघांनी बोलावं, इतरांनी निर्णय करावा. अगब नावाच्या संदेष्ट्याने कैसरियात पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत काय होणार ते सांगितलं. सगळे रडून ‘जाऊ नका’ म्हणाले. पौल गेला. संदेश त्याने नाकारला नाही, पण आपला निर्णयही दुसऱ्यांच्या हाती दिला नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात निर्दय वाटतो. आजारी माणसाला ‘तू बरा होशील’ असा संदेश द्यायचा, आणि तो वारला की त्याच्या बायकोला म्हणायचं, विश्वास कमी पडला. बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायातला हनन्या संदेष्टा दोन वर्षांत बाबेलच्या सत्तेचं जू मोडेल म्हणाला. यिर्मया संदेष्टा ‘आमेन, परमेश्वर असंच करो’ म्हणाला, आणि पुढे म्हणाला की शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा हे ते घडल्यावरच कळेल. जू मोडलं नाही. दोष हनन्यावर आला, लोकांच्या विश्वासावर नाही. देवाच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर ते देवाचं नव्हे, हा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला (१८:२२) नियमही बोलणाऱ्यालाच लागतो.

२०२० मध्ये अमेरिकेत कित्येक संदेष्ट्यांनी डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून येणार असं देवाच्या नावाने सांगितलं. ट्रम्प ती निवडणूक हरले. त्या संदेष्ट्यांपैकी जेरेमाया जॉन्सनने जानेवारी २०२१ मध्ये ‘मी चुकलो’ म्हणून जाहीर माफी मागितली. तर त्यालाच धमक्या आल्या, आणि ख्रिस्ती लोकांकडून शिव्याशापांच्या ईमेलचा पाऊस पडला. पारख करण्याची सवय सुटलेल्यांना माफीसुद्धा सहन होत नाही!

राहिला पैसा. ‘दिदाखे’ हे आरंभीच्या मंडळीचं छोटं पुस्तक. आत्म्याने बोलणाऱ्या संदेष्ट्याला पारखू नका, असंही त्यात आहे, लपवत नाही. पण लगेच पुढे म्हटलंय की असा प्रत्येक जण संदेष्टा नसतो, तो वागणुकीवरून ओळखावा. आणि जो आत्म्याच्या नावाने ‘मला पैसे दे’ म्हणेल त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष लावू नका.

आमच्या गटात आलेल्या मेसेजखाली क्यूआर कोड होता. तो कुणाच्या खात्याचा, असं मी पाठवणाऱ्या बंधूंना विचारलं. निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.