सुपर बिल्टअप बनियन

फ्लॅट बघायला गेलेला माणूस नळ सोडून बघतो, दारं वाजवून बघतो, देवघराची दिशा विचारतो. कपडे कुठं वाळणार हे कुणीच विचारत नाही, कारण फ्लॅट बघायला आपण उन्हाळ्यात जातो. आणि बेळगावात पोरं शाळेला लागेपर्यंत पाऊस लागलेला असतो.

आमची अपार्टमेंट टिळकवाडीच्या पलीकडं. तळाला गाड्या, वर चार मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब अंधारा पॅसेज, दोन्ही अंगांना फ्लॅट. म्हणजे प्रत्येक घराला बाहेरची भिंत एकच. उष्ण-दमट हवेत खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एकषष्ठांश हव्यात, असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. आमच्या खिडक्या मोजून भरतील; फक्त वारा येईल अशा सगळ्या एकाच भिंतीत आहेत. आलेल्या वाऱ्याला पुढं जायला वाट नसली की तो आत शिरतच नाही.

त्यात आमच्या वाट्याला पश्चिम आली. बाल्कनीवर वरच्या मजल्याची बाल्कनी आहे, कपडे भिजायचे नाहीत, असं बिल्डर म्हणाला होता. खरंच, वरून पाऊस लागत नाही. समोरून लागतो. घाटावरनं येणारा आडवा पाऊस तीन फुटांच्या बाल्कनीला काय भीक घालतो?

मग दोरी हॉलमध्ये आली. पंख्याखाली जीन्स, खुर्च्यांवर टॉवेल, टीव्हीवर मोजे. चहाला आलेले व्याही परकरांच्या कमानीखालून वाकत सोफ्यापर्यंत पोचतात. एरवी ते इतके वाकत नाहीत.

नंतर मी डक्टात, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या बोळात, दोरी बांधली. सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या आणि न्हाणीघरांच्या खिडक्या तिथंच उघडतात. कपडे वाळले नाहीत, पण माझ्या बनियनला खालच्यांच्या बांगड्याचा आणि वरच्यांच्या हिंगाच्या फोडणीचा वास एकदमच लागला. ऑफिसात शेजारचा म्हणाला, "काय ओ, शाकाहारी म्हणत होता की!"

शेवटी मी फाईल काढली. पैसे घेताना जिना, लिफ्ट, पॅसेज, सगळ्यातला वाटा आमच्या चौरस फुटांत धरला होता; ह्यालाच सुपर बिल्टअप म्हणतात. बिल्डरांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरिया नीट सांगितलाय: घरातली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, बाल्कनी सोडून. तरी बोली सुपर बिल्टअपचीच चालते. ठीक आहे. जिन्यात माझा वाटा आहे ना? मी कठड्याला दोरी बांधली आणि बनियन टाकले.

संध्याकाळी असोसिएशनचे सेक्रेटरी दारात.

"काका, जिना कॉमन हाय."

"म्हणूनच की ओ. त्यात माझाबी वाटा हाय."

"वाटा हाय. दोरी बांधायला न्हाय."

"मग कशाला दिलाय?"

"चढायला, काका."

आमचं जुनं घर शहापुरात, गल्लीत. भिंतीला भिंत, पुढं जेमतेम एक दार आणि एक खिडकी. समोरच्या सोप्यातली भांडणं आमच्या सोप्यात शब्दन् शब्द ऐकू यायची. एकरी माणसं मोजली तर ही गल्ली आमच्या अपार्टमेंटला हार जायची नाही. पण घर पुढच्या सोप्यापासून मागच्या परड्यापर्यंत सरळ. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार. माडीवर मंगलोरी कौलं, खाली न्हाणीत बंब पेटलेला. आज्जीची नऊवारी भर आषाढात माडीवर वाळायची, आणि आज्जीनं काही आर्किटेक्चर शिकलेलं नव्हतं.

अपार्टमेंटात हे जमत नाही असंही नाही. लांब पॅसेज काढून टाकून एका जिन्यावर दर मजल्याला दोनच फ्लॅट ठेवले की प्रत्येकाला पुढची आणि मागची अशा दोन खिडक्या मिळतात. जिने तेवढे वाढतात. जिन्याचे पैसे आमच्याकडनं घेऊनसुद्धा दुसरा जिना बिल्डरला महाग का पडतो, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

माझ्या बनियनांवरून मीटिंग बोलावली गेली. गच्चीवर पत्रा घालून वाळवणीची जागा करायची, असं ठरलं. पत्र्यावर पाऊस वाजला तर झोप कशी लागणार, हे वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी कानडीत विचारलं, मराठीत विचारलं, शेवटी हात जोडून विचारलं. त्यांना बहुमतानं गप्प केल्यावर वर्गणीचा विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, सुपर बिल्टअपच्या हिशेबानं काढूया.

मी ताडकन उठलो आणि रेरा कायद्यातली कार्पेट एरियाची व्याख्या मोठ्यानं वाचून दाखवली.