एकाहत्तर नंबरचे पैसे वसूल होतात का?

दर मार्चमध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या खेळाडूंचा बाजार उघडला, की आमच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. मूळ लेखक कोण, देव जाणे. पहिल्यांदा तो आला सप्टेंबर २०२४मध्ये, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने आपला लेफ्ट टॅकल (बॉल फेकणाऱ्याच्या डाव्या बाजूचा राखणदार) ट्रेंट विल्यम्स, नंबर ७१, याचा पगार वाढवला तेव्हा. मजकूर थोडक्यात असा: "छत्तीस वर्षांच्या लाइनमनला तीन वर्षांचे ८ कोटी २६ लाख डॉलर! हा माणूस बॉलला हात लावत नाही. याच्या जागी ड्राफ्टमधला (कॉलेजातल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) तरुण पोरगा स्वस्तात मिळतो. वर हा सही केलेला करार मोडून घरी बसला होता. नाकापेक्षा मोती जड! तिशी उलटलेल्या लाइनमनला पगारवाढ म्हणजे पैसे पाण्यात." पुढे तो मोसम ६ विजय आणि ११ पराभव असा संपला, आणि फॉरवर्डच्या शेपटाला एक ओळ चिकटली: "बघा, सांगितलं होतं ना?"

पाठवणारे काका या संघाचे जुने भक्त. माझ्या मुलाला टचडाउन म्हणजे काय ते त्यांनीच शिकवलं, त्यामुळे ग्रुपवर मी गप्प बसतो. पण त्यातलं एकेक वाक्य उलटून बघायची खाज काही जात नाही.

आधी ते बॉलला हात लावण्याचं. खरंच लावत नाही. नियमच असा आहे की बॉल फेकणाऱ्यापुढे भिंत धरणाऱ्या पाच लाइनमनपैकी मधला सेंटर सोडला तर बाकीच्या चौघांचा एरवी बॉलशी संबंध येत नाही. एकदा लिवाय्‌ज स्टेडियममध्ये पूर्वेच्या बाजूची तिकिटं मिळाली होती. तिथे दुपारचं ऊन असं भाजून काढतं की सोलापूरचा मे महिना आठवावा. बॉल कुठे चाललाय ते तसंही नीट दिसेना, म्हणून एक अख्खा क्वार्टर मी दुर्बीण फक्त ७१ नंबरवर धरून बसलो. बॉल सुटला की साडेसहा फुटी, दीडशे किलोच्या आसपासचा हा माणूस डावा पाय मागे सरकवत खेकड्यासारखा तिरका मागे जातो. समोरून सव्वाशे किलोचा पास रशर, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला पाडायला निघालेला गडी, धावत येतोय, आणि ७१ नंबर पुढे न झेपावता थांबतो. समोरच्याचा हात उठला की त्याच्या छातीवर दोन्ही पंजे मारतो आणि त्याला हळूच बाहेरच्या वर्तुळात वळवून देतो, गर्दीत एखाद्याला खांद्याला धरून बाजूला करावं तसा. सगळा खेळ अडीच-तीन सेकंदांचा. तोवर क्वार्टरबॅकने, म्हणजे त्या बॉल फेकणाऱ्याने, बॉल फेकलेला असतो आणि सगळं स्टेडियम तो झेलणाऱ्याकडे बघत असतं. टाळी कोणाला पडली हे सांगायला नको.

उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा माणूस त्याला दिसतच नाही. लेफ्ट टॅकल म्हणजे त्या पाठीचा डोळा. तो डोळा नसला की काय होतं ते ७ फेब्रुवारी २०२१च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीने भोगलं. डाव्या-उजव्या टोकांचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्त्झ, दुखापतीने बाहेर. पॅट्रिक महोम्स हा त्या पिढीतला सगळ्यात हुशार क्वार्टरबॅक. तो रात्रभर जीव घेऊन पळत होता. एका डावात तर तो हवेत आडवा, जमिनीला समांतर, आणि त्याच अवस्थेत त्याने बॉल फेकला. तो थेट सहकाऱ्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळून खाली पडला. ३१–९ने हरले, एकही टचडाउन नाही. बॉलला हात न लावणारी दोन माणसं नव्हती, बाकी झेलणारे, धावणारे, प्रशिक्षक तेच.

आता वय. फॉरवर्डमधला हा भाग लोकांना सगळ्यात जास्त पटतो, कारण तो दिसायला व्यवहारी आहे. रनिंग बॅकच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. बॉल घेऊन दिवसाला वीस वेळा माणसांच्या ढिगात शिरणाऱ्याचे पाय तिशीपर्यंत बोलायला लागतात. पण तीच फूटपट्टी टॅकलला लावणं म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या वयावरून फिरकीपटूला निवृत्त करणं. टॅकलचा धंदा पावलं, हात आणि समोरच्याच्या लबाड्या ओळखण्याचा आहे, आणि लबाड्या ओळखायला वर्षं जावी लागतात. विल्यम्सचंच घ्या. वॉशिंग्टनकडून खेळलेल्या नऊ मोसमांत त्याला लीगच्या सर्वोत्तम संघात, म्हणजे फर्स्ट-टीम ऑल-प्रोमध्ये, एकदाही जागा मिळाली नाही. मिळाली ती २०२१, २०२२ आणि २०२३ अशी ओळीने तीनदा, वयाच्या तेहतिसाव्या वर्षानंतर. वॉशिंग्टनशी बिनसल्यावर २०२०मध्ये फोर्टीनाइनर्सने त्याला तिसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या एकेका ड्राफ्ट पिकच्या (नवा खेळाडू निवडायच्या हक्काच्या) बदल्यात उचललं होतं. तेव्हाही "आता काय उरलंय त्याच्यात" म्हणणारे होतेच.

पण वयाबद्दल बोलायचं तर खरी गोष्ट विल्यम्सची नाही, अँड्र्यू व्हिटवर्थची आहे, आणि ती मला कितीही वेळा सांगायला आवडते.

व्हिटवर्थ सिनसिनाटी बेंगल्सचा लेफ्ट टॅकल. अकरा मोसम तिथे काढले. तो म्हातारा होणार हे ओळखून संघाने २०१५च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकविसावा पिक देऊन सेड्रिक ओग्बुएही घेतला आणि दुसऱ्या फेरीत जेक फिशर. दोघेही टॅकल. अगदी फॉरवर्डमध्ये सांगितलंय तसं: तरुण, स्वस्त, दूरदृष्टीचं नियोजन. २०१७मध्ये व्हिटवर्थ पस्तिशीचा झाल्यावर त्याला जाऊ दिलं. लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ३७ लाख डॉलर कबूल केले.

रॅम्सने २०१६मध्ये अख्ख्या मोसमात २२४ गुण केले होते, लीगमध्ये सर्वांत कमी. २०१७मध्ये केले ४७८, सर्वांत जास्त. त्यांचा पोरसवदा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आदल्या वर्षी सात सामन्यांत २६ वेळा सॅक झाला होता, म्हणजे बॉल हातात असतानाच लोळवला गेला होता. पुढच्या वर्षी पंधरा सामन्यांत २५ वेळा. आता हे सगळं श्रेय एका लाइनमनच्या पदरात टाकलं तर मीही फॉरवर्डच लिहितोय असं होईल. त्याच वर्षी शॉन मॅकव्हे हा नवा प्रशिक्षक आला, झेलणारे नवे आले, सेंटरही नवा आला (तोही तिशीपार, हे जाता जाता). पण ती पाठ राखणारा माणूस पस्तीस वर्षांचा होता आणि त्या मोसमात तो फर्स्ट-टीम ऑल-प्रो ठरला.

इकडे सिनसिनाटीत ओग्बुएही आणि फिशर दोघेही टिकले नाहीत. मग २०१८मध्ये बफेलोकडून कॉर्डी ग्लेन आणला, त्यासाठी पहिल्या फेरीतला बारावा पिक देऊन एकविसाव्यावर समाधान मानलं. २०१९मध्ये पुन्हा पहिली फेरी, अकरावा पिक, जोना विल्यम्स. त्याचा पहिला मोसम खांद्याच्या दुखापतीत गेला. २०२०मध्ये देशातला पहिल्या क्रमांकाचा पोरगा जो बरो क्वार्टरबॅक म्हणून मिळाला आणि दहाव्या सामन्यात त्याचा गुडघा मोडला. २०२१मध्ये तो परत आला आणि नियमित मोसमात ५१ वेळा लोळला, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. बाद फेरीत टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात नऊ वेळा. तरी पठ्ठ्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. समोर कोण? रॅम्स. बरोला त्या सामन्यात सात वेळा लोळवलं, आणि २३–२० असा निकाल लागल्यावर करंडक उचलणाऱ्यांत रॅम्सचा लेफ्ट टॅकल होता अँड्र्यू व्हिटवर्थ, वय चाळीस.

सिनसिनाटीने त्याचा पगार वाचवला होता, हे मात्र कबूल.

"तरुण पोरगा स्वस्तात मिळतो" याचं निम्मं उत्तर वर आलंच. उरलेलं निम्मं बाजारभावात आहे. चांगले टॅकल ड्राफ्टमध्ये बरेचदा वरच्या दहा-पंधरा पिकांतच उचलले जातात, आणि वरचे पिक मिळतात हरणाऱ्या संघांना. २०२४च्या ड्राफ्टमध्ये फोर्टीनाइनर्सचा नंबर होता एकतिसावा, कारण ते नुकतेच सुपर बोल खेळून हरले होते. मग राहतो घरचाच बदली खेळाडू. विल्यम्स नसला की त्याच्या जागी जेलन मूर उभा राहायचा, पाचव्या फेरीतला, खरोखर स्वस्त. मार्च २०२५मध्ये त्याचा करार संपला. तोवर जेमतेम डझनभर सामने सुरुवातीपासून खेळलेल्या या माणसाला कॅन्सस सिटीने दोन वर्षांसाठी ३ कोटी डॉलर दिले. वर्षाला दीड कोटी, आणि तेही डाव्या बाजूची जागा त्याचीच राहील याची खात्री नसताना. पुढच्याच महिन्यात त्यांनी पहिल्या फेरीत जॉश सिमन्स हा टॅकल घेतला. त्याच बाजारात टेनेसीने डॅन मूर ज्युनियर या टॅकलला चार वर्षांचे ८ कोटी २० लाख कबूल केले. त्याला कोणी लीगमधल्या पहिल्या दहांत धरत नव्हतं. तेव्हा काका, तुलना विल्यम्स आणि फुकटातला पोरगा यांच्यात होत नाही. ती होते पावणेतीन कोटींचा सर्वोत्तम आणि दोन कोटींचा बरा यांच्यात.

करार मोडल्याबद्दल फार शब्द खर्च करत नाही. या लीगमध्ये करारातली गॅरंटीड रक्कम सोडली तर बाकीचे आकडे संघाच्या मर्जीवर असतात. वर ज्या एरिक फिशर आणि श्वार्त्झचा उल्लेख आला, त्यांना कॅन्सस सिटीने त्या सुपर बोलनंतर पाच आठवड्यांच्या आत एकाच दिवशी काढून टाकलं. फिशर २०१३च्या ड्राफ्टमधला पहिला पिक, त्याच संघासाठी खेळताना घोट्यामागची शीर तुटलेली. ग्रुपवर कोणी "करार मोडला" म्हणून ओरडलं नाही, कारण करारात तशी मुभा होती. शिबिराला दांडी मारणाऱ्या खेळाडूला मात्र दिवसाला ५० हजार डॉलर दंड असतो आणि तो ज्येष्ठांना माफही करता येत नाही. विल्यम्सकडे गॅरंटीड असं काही उरलं नव्हतं. तो घरी बसला, ही त्याच्या हातातली एकुलती एक चाल होती.

आणि शेपटाची ओळ, २०२४. सहा विजय, अकरा पराभव, विल्यम्स फक्त दहा सामने खेळला, घोट्याने उरलेला मोसम खाल्ला. हे तिन्ही खरं. पण दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे राहिले. तो खेळला त्या दहा सामन्यांत संघ ५–५. तो बसला त्या सातांत १–६. त्याच्याशिवायच्या पहिल्या दोन सामन्यांत ग्रीन बेने ३८–१० आणि बफेलोने ३५–१० असं धुतलं. इथेही हात आखडता घेतो: ग्रीन बेविरुद्ध क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीही नव्हता, धावणारा ख्रिश्चन मॅकाफ्री अख्ख्या मोसमात चारच सामने खेळला, झेलणाऱ्या ब्रँडन आयुकचा गुडघा ऑक्टोबरमध्येच गेला. २०२३मध्येही विल्यम्स नसताना संघ मिनेसोटा आणि सिनसिनाटीकडून ओळीने हरला होता, पण तेव्हा झेलणारा डीबो सॅम्युएलही बाहेर होता. एकट्या टॅकलने सामने जिंकले-हरले असं मी म्हणत नाही. पण त्याला जास्त पैसे दिले "म्हणून" मोसम बुडाला, हे या आकड्यांतून कसं निघतं तेही मला कळलेलं नाही.

फॉरवर्डला एक मुद्दा मात्र मी मोकळ्या मनाने देतो. म्हातारा लाइनमन मोडतो. टायरन स्मिथ हा डॅलसचा एकेकाळचा अव्वल लेफ्ट टॅकल. २०१५नंतर त्याला एकदाही पूर्ण मोसम खेळता आला नाही. २०२४मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि दहा सामन्यांत संपला. पण जेट्सने ते ओळखून कागद केला होता: ऐकायला दोन कोटींपर्यंत, खात्रीचे फक्त ६५ लाख, बाकीचं बरंचसं मैदानावर उतरशील तसं. आणि २०१७मध्ये फिलाडेल्फियाचा जेसन पीटर्स मोसमाच्या मध्यात जायबंदी झाला तरी बदली टॅकल घेऊन ते सुपर बोल जिंकले, हेही खरं; फक्त त्या बदलीच्या आजूबाजूला जेसन केल्सी, ब्रँडन ब्रुक्स आणि लेन जॉन्सन असे अव्वल लाइनमन उभे होते. फोर्टीनाइनर्सच्या रांगेत तसलं वैभव नव्हतं.

संघाची वेळही बघायला हवी. २०२४मध्ये एका संघाला पगारावर एकूण २५ कोटी ५४ लाख डॉलरच खर्च करायची मुभा होती, आणि क्वार्टरबॅक हा सहसा त्यातला सगळ्यात मोठा घास. पर्डी होता ड्राफ्टमधला शेवटचा, २६२वा पिक. त्या वर्षी त्याचा मूळ पगार दहा लाखांच्याही आत. पुढच्या मे महिन्यात त्याने पाच वर्षांच्या साडेसव्वीस कोटींवर सही केली. म्हणजे हात सैल सोडायला तेवढं एकच वर्ष हाताशी होतं.

परवा काकांनी फोनवर विचारलं, "ठीक आहे रे, मग तू किती दिले असतेस?" मी म्हटलं, जेवढे दिले तेवढेच. फॉरवर्डमधल्या ८ कोटी २६ लाखांपैकी गॅरंटीड होते ४ कोटी ८० लाख. तीन वर्षांना भागून बघा, पावणेदोन वर्षांचे पैसे झाले. पुढचे ठेवायचे की नाही, हे ठरवायला संघाकडे दर वर्षी मार्च महिना असतोच.

काका क्षणभर थांबले. म्हणाले, "म्हणजे तो आठ कोटींचा आकडा..." आणि मग पर्डीच्या साडेसव्वीस कोटींकडे वळले.