बुडबुडे थांबले म्हणून बियर मेली नाही

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. घरी बियर करणाऱ्यांना त्यात चार सल्ले आहेत. बुडबुडे थांबले की आंबणं अडकलं समजा. मग मूठभर गूळ आणि यीस्टचं अजून एक पाकीट टाका. वर पांढरं दिसलं की सगळं ओतून द्या, कारण बिघडलेल्या बियरमध्ये मिथेनॉल होतं आणि माणूस आंधळा होतो.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी लॅब सांभाळलीय, मळीचा वॉश, म्हणजे आंबवलेलं मळीचं पाणी, रोज नाकाखालून गेलाय. आपल्याकडं परवान्याशिवाय बियर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा इथं कुणी लगेच पातेलं चढवू नका. पण जर्मनी-कॅनडात हौसेनं बियर करणारी आपली पोरं हा मेसेज खरा धरून चाललीत.

पहिला मुद्दा बुडबुड्यांचा. झाकण जरा सैल असलं तरी गॅस तिथूनच निघून जातो आणि एअरलॉक, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची नळी, गप्प बसतो. उलट आंबणं संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला गॅस बाहेर पडतो आणि बुडबुडे दिसतात. खरं सांगतो तो हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता मोजणारी तरंगती काचेची नळी. साखर आंबत जाते तसा तिचा आकडा उतरतो. नमुना दोन भांड्यांत वरखाली ओतून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे काचेला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. १.०४८ ला सुरू झालेली साधी बियर १.०१० च्या आसपास आली आणि तीन दिवस तिथंच राहिली, तर ती अडकलेली नाही, झालेली आहे. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वाकण्यावरून साखर मोजणारं यंत्र, वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की अल्कोहोल आल्यावर तो जास्तच दाखवतो. १.०२० वाचून घाबरलेल्यांतले निम्मे तिथंच फसलेले असतात, असं माझं मत.

आकडा खरंच १.०२० ला थांबला असेल तर? आधी माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) किती तापमानाला भिजवलं होतं ते आठवा. ६९-७० अंशांना भिजवलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त निघते. मग ते अडकणं नाही, तेवढंच व्हायचं होतं. तसं नसेल तर थंडी बघा. जानेवारीत कोल्हापुरात पहाटे पारा १५ च्या खाली उतरतो, तेवढ्यात एल यीस्ट (उबेत काम करणारं बियरचं यीस्ट) तळाला जाऊन झोपतं. भांडं २०-२१ अंशांवर आणा, हलकं गोल फिरवून गाळ उठवा आणि दोन-तीन दिवस थांबा. एवढ्यानंच बहुतेक वेळा काम होतं.

गूळ मात्र नको. गूळ आपला, अभिमानही आपला, पण यीस्ट आधी ती सोपी साखर खातं आणि अडकलेली तशीच राहते. शिवाय न उकळलेल्या गुळातून जंतू आत जातात. कोरड्या यीस्टचं पाकीटही अल्कोहोल झालेल्या, साखर संपत आलेल्या बियरमध्ये टाकून फारसं हाती लागत नाही. द्यायचंच तर वेगळ्या भांड्यात माल्टच्या पाण्यावर वाढवून, फेस जोरात असतानाच द्या.

पांढऱ्या सायीचं थोडक्यात. तपकिरी-पांढरा फेस आणि यीस्टची तरंगती बेटं नेहमीचीच. कोरडी, सुरकुतलेली पातळ कातडी धरली तर जंगली यीस्ट किंवा बॅक्टेरिया शिरलेत. बियर आंबट होईल, विषारी नाही. हिरवी-काळी लव असेल तर ती बुरशी, ओतून द्या. आणि औषधासारखा वास आला तर आधी नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर संशय घ्या.

मिथेनॉलची भीती तर पार चुकीच्या जागी आहे. ते फळांतल्या पेक्टिनपासून होतं, आणि माल्टमध्ये पेक्टिन नावालाच. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं. जंतू शिरल्यानं नाही.

धोका आहे तो बाटलीत, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. नेहमीच्या बियरमध्ये तो ५ ग्रॅमच्या आसपास असतो. १.०२० ला अडकलेली बियर बाटलीत भरली आणि आत पुन्हा जागी झाली, तर उरलेल्या साखरेचा गॅस त्यात भरत जातो आणि काच फुटते. डोळे गेलेच तर मिथेनॉलनं नाही, काचेनं जातील. तीन दिवस एकच आकडा आल्याशिवाय बूच लावू नका. आधीच भरल्या असतील तर डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून बाटल्या फ्रीजमध्ये टाका, आणि गार झाल्यावर एकेक करून गॅस सोडा.